सहाणेवर बोललेला डबा

साळवी सरांशी बोलायला गेलेलं माणूस पहिल्यांदा गोंधळायचंच. म्हणजे कसं, आपण आपलं बोलून संपवायचं आणि सर गप्प. आपल्याला वाटायचं, ह्यांनी ऐकलं नाही की काय? की राग आला? मग ती शांतता सोसवत नाही म्हणून आपण आणखी काहीतरी बोलून जायचं, आणि मग सर म्हणायचे, "हां. आता कळलं."

एकदा मी त्यांच्याकडे नारळ खवायला विळी मागायला गेले. आमच्या विळीचा दांडा निखळला, वगैरे सगळं सांगितलं. सर गप्प. मी म्हटलं, संध्याकाळी परत आणून देते. तरी गप्प. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं की सून रुसून माहेरी गेली आहे आणि घर खायला उठतंय. "हां, आता कळलं," सर म्हणाले, आणि आत वळून हाक मारली, "अगं, आक्का आल्यात, चहा टाक." विळी दिलीच, पण मी तिथे दिवेलागणीपर्यंत बसून होते.

आमच्या आणि त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणांमध्ये, एक जांभ्याच्या दगडांचा गडगा, तोसुद्धा कमरेएवढा. त्यामुळे त्यांच्या घरातलं मला आणि माझ्या घरातलं त्यांना सगळं ऐकू जायचं. सर रत्नागिरीत तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. रोज सकाळच्या एस.टी.ने जायचे आणि जागा रिकाम्या असल्या तरी मागच्या बाकावर बसायचे. का, तर गाडीचा आवाज तिथून चांगला कळतो. कंडक्टरला सांगायचे, "पुढच्या आठवड्यात ही बंद पडेल," आणि ती पडायची. कंडक्टर म्हणायचा, "सर, तुमची दृष्ट लागते गाडीला." गावातलं कुणी रेडिओ घेऊन आलं की सर कपाळाला आठ्या घालायचे. "मी मास्तर आहे, रिपेअरवाला नाही." एवढं बोलून होईपर्यंत रेडिओचं मागचं झाकण त्यांच्या हातात आलेलं असायचं.

उंच, किडकिडीत, कान मोठे. पुढे केस पांढरे झाले तसे ते कान आणखीच मोठे दिसायला लागले. मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघंच.

त्यांची बायको सुमन. पण तिला सुमन म्हणणारे एक सर सोडले तर कुणी नव्हते. ती आमच्या शाळेत शिक्षिका, म्हणून सगळ्या गावाची ती बाई. आणि आवाज काय सांगू तुम्हाला! शाळेत बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली की पऱ्यावर, ओढ्याच्या पाण्यात, धुणं धुणाऱ्या बायकांना कळायचं, कुणाचा पोर आज गैरहजर आहे. आमच्या गावातून मुंबईला गेलेले सगळे चाकरमानी बाईंच्या हाताखालून गेलेले. मी स्वतः चौथीत शाळा सोडलेली. लग्न होऊन इथे आल्यावर गडग्याशी उभं राहून मला वर्तमानपत्र वाचायला बाईंनीच लावलं. चुकलं की तिथूनच ओरडायच्या, "आक्का, परत!"

तर अशा बाई एका सकाळी वर्गात हजेरी घेत होत्या आणि एका पोराच्या नावात मधेच अडकल्या. पोरांना वाटलं बाई गंमत करतायत. हसली पोरं. मग पुस्तक खाली पडलं.

उजवा हात गेला आणि वाचा गेली. म्हणजे अगदी गेली असंही नाही. शब्द होते, पण मधले मधले तुकडे गळायचे. लहान शब्द अख्खे यायचे. 'हो', 'बस', 'जा'. मोठा शब्द आला की त्याचं डोकं यायचं, शेपूट यायची, मधलं कुठे जायचं देव जाणे. आम्ही बायका भेटायला जायचो आणि आमची आपली मदतीची घाई. बाई "भा..." म्हणाल्या की एकीने म्हणायचं भात, दुसरीने भाजी, तिसरीने भाचा. बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. आम्हाला वाटायचं, दुखण्याने येतंय.

एक दिवस सरांनी आम्हाला थांबवलं. आवाज चढवून नाही, त्यांना ते जमायचंच नाही. म्हणाले, "तिला पुढचं बोलू द्या. गळलेला तुकडा नुसत्या मागच्या शब्दावरून कळत नाही. पुढचा येईपर्यंत धीर धरा. दोन्ही बाजू हातात आल्या की मधलं काय होतं ते आपोआप दिसतं."

आम्ही तसं केलं. बाई म्हणाल्या, "भा... ला." मग खूप वेळाने, "...शी." आणि दारातल्या कुत्रीकडे बोट. भाकरी घाला उपाशी आहे ती, असं होतं ते.

ह्याच्यावरून सरांनी एक यंत्र करायला घेतलं, आणि पुढे त्यावर वकिलांनी, जज्जसाहेबांनी, एका कंपनीने जे जाडजूड कागद लिहिले ना, त्या सगळ्यांच्या मुळाशी एवढंच होतं. आता मी काही शिकलेली नाही, पण सरांनी मला समजावलं तसं सांगते. आवाज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवायचा तर त्याची घडी घालतात. नऊवारीची घडी घालून ट्रंकेत कशी ठेवतो, तशी. पलीकडच्या टोकाला एक यंत्र ती घडी उलगडतं, त्याला म्हणतात डिकोडर. पण वाटेत घडीतले तुकडे गळतात, आणि उलगडलेल्या आवाजात भोकं पडतात. त्या वेळची यंत्रं मागचाच आवाज ओढून भोक बुजवायची. सरांचं यंत्र अगदी पापणी लवण्याएवढं थांबायचं, पुढचा तुकडा बघायचं, आणि दोन्ही काठ धरून मधलं विणायचं. रफू करतात तसं.

हे सगळं पडवीत चाललेलं. कॉलेजातून मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणलेला, वायरींचं जंजाळ, आणि मधे आरामखुर्चीत बाई. त्या परीक्षक. सर आवाज लावायचे आणि कुठे खरखरलं, कुठे नकली वाटलं, की बाईंचा डावा हात वर. शाळेत कसा पोरांना गप्प करायला उचलायच्या, अगदी तसा.

"अगं, आता कुठे चुकलं?"

हात वर.

"बरोबर आहे हे! मी मोजून बघितलंय!"

हात तसाच.

मग सर कानावरचा हेडफोन काढून टेबलावर टाकायचे आणि गडग्यापलीकडे मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आक्का, लग्न झाल्यापासून हिला माझं एक काम पसंत पडलेलं नाही." बाई हसायच्या. आजारानंतर ते हसू एका बाजूलाच उमटायचं, पण उमटायचं. मग सर परत बसायचे. किती महिने हे चाललं मी मोजलं नाही. एका सकाळी सर स्वतः गडगा ओलांडून माझ्या मागल्या दारी आले. एवढ्या लांब टांगा टाकून आलेले, पायात चप्पल नाही.

"आक्का, आज हात वर आला नाही."

"बाईंना बरं नाही काय?"

"बरं आहे. तीनदा लावलं. हात मांडीवरच."

आता आमच्याकडे रीत अशी की काहीही नवं झालं की पहिलं देवीला. भाताची पहिली लोंबी देवीला, कलमाचा पहिला आंबा देवीला, पोराच्या पहिल्या पगाराचा नारळ देवीला. आणि ते पुरं झालेलं लागतं. अर्धा पिकलेला आंबा कुणी पायाशी ठेवत नाही. बाईंनी यंत्राच्या डब्याकडे बोट दाखवलं, मग देवळाच्या दिशेला. सरांचं देवाधर्माचं विशेष काही नव्हतं, पण बाईंचा शब्द त्यांनी मोडला नाही.

शिमगा आठवड्यावर आलेला. शिमग्याला देवीची पालखी सहाणेवर, देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर, बसते, आणि मुंबईचे चाकरमानी झाडून सगळे येतात. त्यात त्या वर्षी रेल्वे नवी नवी सुरू झालेली, त्यामुळे एरवी न येणारेही आले. सहाणेसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी डबा पालखीपुढे ठेवला. पत्र्याचा साधा डबा, वरून दोन वायरी. आमचे तात्या गुरव गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"आज ह्या तुझ्या साळव्यांच्या लेकरान जो काय आवाजाचा डबा केलान हाय, तो पयला तुझ्या पायाशी आणलान हाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्यात काय वाकडं असेल ता सरळ कर, आणि त्याच्या घरधनिणीची वाचा अडकलीय, ती मोकळी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मागून कुणी मुंबईकर ओरडला, "आणि डब्यात क्रिकेटची कॉमेंटरी पण येऊ दे म्हाराजा!" आणि सगळे हसले. तात्याही हसले. मग सरांकडे वळून म्हणाले, "सर, आता काय केलंव ता सगळं सांगा देवीस. हातचं राखून नाय हां सांगायचं."

सर मास्तर ते मास्तर. त्यांनी शाळेतला फळा मागवला. ढोलवाल्यांना थांबवलं आणि देवीकडे एक डोळा, माणसांकडे एक डोळा ठेवून घडी कशी घालतात, तुकडे कसे गळतात, डबा कुठे थांबतो, किती थांबतो, कसं विणतो, सगळं खडूने काढून दाखवलं. निम्म्यांना कळलं नाही. मलाही नाही. मग त्यांनी कर्ण्याला वायर जोडली.

शाळेच्या एका जुन्या स्नेहसंमेलनाची कॅसेट होती त्यांच्याकडे, बाईंच्या भाषणाची. आधी त्यांनी तुकडे गाळलेली ऐकवली. खरखर, अर्धे शब्द. आजारी बाईंसारखीच. मग डब्यातून. आणि सहाणेवर बाईंचा तो जुना आवाज उभा राहिला. अख्खा. खणखणीत. "मुलांनो, मागे कोण बोलतंय?" असं भाषणात मधेच दटावलेलं होतं त्यांनी, आणि खरं सांगते, मागे बोलणारे तीन बाप्ये गप्प झाले. बाई खुर्चीत बसलेल्या. स्वतःचा आवाज ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. त्या वेळी कोण रडलं नाही ते विचारा.

तात्यांचा मुलगा दिलीप मुंबईला आवाजाची यंत्रं करणाऱ्या एका कंपनीत कामाला होता. तो तर नाचतच आला. "सर, आमच्या कंपनीत माणसं ह्याच्यावर डोकं आपटतायत! तुम्ही ह्याचं पेटंट घ्या. आत्ताच्या आत्ता घ्या." पेटंट हा शब्द आमच्या गावात पहिल्यांदा तेव्हा आला.

पावसाळा सरल्यावर सरांनी अर्ज केला. मुंबईच्या एक वकील मॅडम मिळाल्या, तरुण, हुशार, बोलायला फटकळ. त्यांनी कागद बघितला आणि सरांना फोनवर विचारलं. फोन माझ्या घरी होता तेव्हा, म्हणून मला ऐकू येत होतं.

"शोधक दोन लिहिलेत तुम्ही. ह्या सुमन साळवी कोण?"

"माझी बायको."

"त्यांचं शिक्षण?"

"डी.एड."

"इलेक्ट्रॉनिक्समधलं काही?"

"नाही."

"मग सर, नाव काढून टाकू. उगाच कुणीतरी बोट ठेवील."

सर नेहमीसारखे गप्प. पलीकडून मॅडम हॅलो हॅलो करतायत. मग सर म्हणाले, "तिचं काढलंत तर माझंही काढा. थांबायचं कुठे, ते तिच्याकडून घेतलंय मी. किती थांबायचं, ते तिच्या हाताने ठरलंय." नाव राहिलं.

फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "आक्का, हिने सगळ्या गावाला वाचायला शिकवलं आणि हिचीच वाचा गेली. ती नुसती गेली नाही, जाताना काहीतरी देऊन गेली, असं कुठेतरी सरकारी कागदावर छापलेलं असावं. आमच्या मागे दुसरं कोण आहे सांगायला?"

म्हणून सांगते, ते पेटंट म्हणजे त्यांना काय होतं. लोक म्हणायचे, साळवी मास्तर आता बंगला बांधणार. त्यांना छापलेल्या दोन नावांपलीकडे काही नको होतं.

आणि तिथेच घात झाला. दिलीप कंपनीत जाऊन छाती फुगवून सांगत सुटला की आमच्या सरांनी हे करून दाखवलंसुद्धा, सगळ्या गावासमोर, फळ्यावर मांडून. पुढे त्या कंपनीने स्वतःच्या यंत्रात तसलंच काहीतरी आणलं, आणि सरांचा अर्ज जाहीर झाल्यावर हरकत घेतली. कंपनीच्या साहेबांनी दिलीपला बोलावून विचारलं, तू बघितलंस ते लिहून देशील? तो बिचारा खुशीत. त्याला वाटलं, आपण सरांच्याच बाजूचा पुरावा देतोय, की हे आधी कुणी केलं तर आमच्या सरांनी. फळ्यावर काय होतं, कर्णा कुठे होता, सगळं सविस्तर लिहून सही करून दिलं.

पण कायदा असा की अर्जाआधी जी गोष्ट लोकांसमोर उघड झाली, ती नवी राहत नाही. मग ती तुम्हीच उघड केलेली का असेना. आम्हाला काय ठाऊक! आमच्याकडे लपवून ठेवलेली गोष्ट खोटी आणि देवीसमोर सांगितलेली खरी. पेटंटच्या कचेरीने अर्ज फेटाळला. कारणं दोन. एक म्हणे, हा शोधच नाही, नुसतं गणित आहे. आणि दुसरं, ते सहाणेवरचं.

दिलीप त्यानंतरच्या शिमग्याला आला तो थेट सरांच्या पडवीत. "सर, मी माती खाल्ली. मला पायतानान मारा." सर म्हणाले, "तू काही खोटं लिहिलंस काय?" तो म्हणाला नाही. "मग पायतान राहू दे. चहा घे."

वकील मॅडमनी हायकोर्टात अपील केलं. अपील म्हणजे वर्षं जातात. सर निवृत्त झाले. बाई आणखी वाळल्या. मधे एकदा मॅडम आईला घेऊन गणपतीपुळ्याला आल्या होत्या, तेव्हा वाट वाकडी करून आमच्या गावात आल्या. आईला माझ्याकडे बसवली, आंबापोळी आणि कोकम सरबत दिलं, आणि मी सरबताचा तांब्या घेऊन सरांच्या पडवीत गेले. जायचं कारण सरबत. खरं कारण ऐकायचं होतं, आता लपवून काय करू.

मॅडम सांगत होत्या, "सर, गणिताचा मुद्दा मी बघून घेते. अडचण सहाणेची आहे. पण कायद्यात एक वाट आहे. अर्जाच्या आधी वर्षभरात तुम्ही स्वतःच, निव्वळ चाचणी म्हणून, लोकांसमोर यंत्र चालवलं असेल, आणि ती चाचणी लोकांसमोर करणं भागच असेल, तर ते माफ आहे. वर्ष झालेलं नव्हतं. तुम्ही प्रतिज्ञापत्रात एवढंच म्हणायचं, की माणसांच्या गोंगाटात, मोकळ्या जागेत डबा कसा चालतो ते बघायला नेला होता."

सर मग म्हणाले, "गोंगाट होता खरा."

"बघा!"

"ढोल होते."

मला तर हायसं वाटलं. मी मधे तोंड घातलं, "मग लिहा की सर. खोटं काय आहे त्यात?"

"चाचणी ह्या पडवीत संपली होती, आक्का," सर म्हणाले. "तुमच्या मागल्या दारी येऊन मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"अहो, पण ते कोर्टाला कुठे माहीत आहे?"

सरांनी आपली खुर्ची बाईंकडे वळवली. "तू सांग. अर्धा तुझा आहे."

बाई बराच वेळ मॅडमकडे बघत होत्या. त्यांना सगळं कळायचं, फक्त यायचं नाही. मग म्हणाल्या, "दे... ला..."

"देवीला?" मॅडम पुढे झुकल्या. "देवीला काय?"

सरांनी बोट वर केलं. मॅडम थांबल्या. आमच्या खळ्यात मॅडमची आई कोंबड्यांशी काहीतरी बोलत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"चा... णी..." बाईंच्या कपाळावर घाम आलेला. "...नस... ते."

देवीला चाचणी नसते.

मला राहवलं नाही. "बाई, तुमचं नाव जाईल हो!" बाईंनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि म्हणाल्या, "जाऊ दे." हे शब्द लहान, म्हणून अख्खे आले. सरांनी तोंड फिरवलं आणि कॉम्प्युटरची एक वायर काही कारण नसताना काढून परत लावली.

मॅडमनी फाईल मिटली. "मी वकील आहे हो सर. मला भांडायला तरी काहीतरी द्या."

"गणितावर भांडा," सर म्हणाले. "ते खरं आहे. तिथे अजिबात सोडू नका."

जाताना मॅडम बाईंच्या पाया पडल्या. त्यांच्या आईला कळेना, काय झालं हिला.

बाई गेल्या त्या मार्गशीर्षात, दुपारच्या. जेवण झालेलं, सर त्यांचं तोंड पुसत होते. अपिलाची तारीख लागायची होती अजून.

त्यानंतर सरांमध्ये एक फरक पडला. गावात दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला का, ठाऊक नाही. सर लगेच उत्तर द्यायला लागले. आपण बोलून संपवायच्या आधीच "हो", "बरं", "चालेल". मी म्हटलं, सर आज आमच्याकडे जेवायला या. "हो, हो." आले नाहीत. पूर्वी त्यांच्या गप्प राहण्याने माणूस गोंधळायचं, आता त्या हो-होपुढे मी बोलणं अर्धवटच सोडायचे. त्यांना कुणाचंच पुढचं ऐकायचं नव्हतं.

सुनावणीला दिलीप त्यांच्याबरोबर गेला होता. कंपनीतली नोकरी त्याने सोडली होती. त्याने मला सांगितलं ते असं. मॅडमनी गणिताचा मुद्दा असा मांडला की कंपनीचे वकील नुसते चष्मा पुसत राहिले. मग जज्जसाहेबांनीच विचारलं, "ते देवळापुढचं प्रात्यक्षिक, ती चाचणी होती का? तसं असेल तर कायदा मदतीला आहे." मॅडमनी उत्तर द्यायच्या आधी मागे सरांकडे बघितलं. साहेबांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "अर्जदार हजर आहेत का?"

सर उभे राहिले. "नाही साहेब. चाचणी आधीच संपली होती. पुरा झाल्यावर नेला."

"मग कशासाठी नेलात?"

"देवीला दाखवायला."

"ह्या उत्तराचा परिणाम काय होईल, कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे. मॅडमनी समजावलंय. अर्जात दुसरं नाव आहे ना, तिनेही हेच सांगितलं होतं."

दिलीप म्हणाला, "काकी, साहेब थोडा वेळ काही बोललेच नाहीत. सरांसारखेच."

निकाल विरुद्ध गेला. आता म्हणे तसली यंत्रं सगळीकडे असतात, आवाज तुटला की सांधतात. ती सरांच्याच युक्तीने सांधतात असं मी म्हणणार नाही, मला त्यातलं कळत नाही. सर पुढे चिपळूणला पुतण्याकडे गेले आणि एक-दोन वर्षांत तिथेच वारले. पण निघायच्या आधी, निकालाची प्रत आली त्या दिवशी, ते माझ्याकडे आले होते. मला ते शेवटचे दिसले ते तेव्हा. त्यानंतर सामान हलवायला पुतण्याच आला.

खळ्यात मी कोकमाची सोलं वाळत घातली होती. सर गडग्यावर बसले आणि त्या इंग्रजी कागदातलं मला मराठीत करून सांगायला लागले. न्यायमूर्ती म्हणतात, हे नुसतं गणित आहे हे कचेरीचं म्हणणं चूक आहे. हा खरा शोध आहे, उपयोगी आहे, अर्जदारांच्या आधी कुणी केला होता असं दिसत नाही. "म्हणजे आपण जिंकलो काय?" मी विचारलं. "पुढे ऐका," सर म्हणाले. परंतु अर्जदारांनी तो स्वतःच आधी उघड केल्याने, आणि ती चाचणी नव्हती असं प्रामाणिकपणे सांगितल्याने, अपील नामंजूर.

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"आक्का, हे बघा," म्हणून त्यांनी पहिलं पान माझ्यापुढे धरलं. इंग्रजी मला येत नाही, पण मोठी अक्षरं मी एस.टी.च्या पाट्यांवरून आणि औषधांच्या खोक्यांवरून शिकलेय. वर दोन नावं होती, एकाखाली एक. सरांचं, आणि त्याच्या खाली दुसरं. दुसऱ्यापुढे बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं.

"हे काय लिहिलंय पुढे?"

"मयत," सर म्हणाले.

आणि त्या शब्दावर त्यांनी अंगठा ठेवला. "आता वाचा."

मी एकेक अक्षर लावत वाचलं. सुमन. साळवी. चुकायला नको म्हणून परत एकदा वाचलं, मोठ्याने. सर ऐकत होते. उन्हाने कागद पांढराफेक दिसत होता. वाचून झालं तरी त्यांनी अंगठा काढला नाही. मग ते उठले, आणि तसाच अंगठा दाबून धरलेला कागद दोन्ही हातांत घेऊन गडग्यापलीकडे, आपल्या घराच्या पायऱ्या चढून आत गेले.